दोघेही डॉकवरच!



ह्या अंकाचा अग्रलेख क्वांटम कॉम्प्युटरवर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोदीत पोलादाच्या कॉइली उतरवणारा, मॅट्रिकला थांबलेला, पाळी सुटल्यावर कविता खरडणारा माणूस ह्या विषयावर लिहितो म्हणजे काय, असं विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांना एवढंच सांगतो : ज्या विषयावर आपण बोलू नये असं दुसऱ्यांनी ठरवलंय, तो विषय आधी हातात घ्यायचा. आपण तिथूनच सुरुवात केलेली माणसं आहोत.

गोष्ट अशी झाली. आमचा एक दोस्त तासगाव तालुक्यातला. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला. हा साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून बी.एस्सी. झाला, पुढे एम.एस्सी., मग राष्ट्रीय परीक्षा, मग पीएच.डी. आज तीन वर्षं झाली, एका मोठ्या संस्थेत तो क्वांटम कॉम्प्युटरवर पोस्टडॉक आहे. संस्था कुठली ते छापत नाही. त्याचं कंत्राट अजून संपायचंय.

आम्ही पोरांनी ठरवलं, सात नोव्हेंबरला ह्याचा सत्कार करायचा. वर्गणी निघाली, फ्लेक्सचा मजकूर ठरला, शालीचा रंग ठरला. फोन केला. तो पलीकडून शांतपणे म्हणाला, ‘‘माझी मुदत मार्चला संपतेय. पुढचं पत्र आलेलं नाही. सत्कार कशाचा करताय? मुदतीचा?’’

शाल दुकानातच राहिली. त्या फोनमधून हा अग्रलेख निघाला.

त्याच्या आईला गावात लोक विचारतात, ‘‘पोरगं डाक्टर झालं म्हनं, मग सुई टोचतं का?’’ म्हातारी म्हणते, ‘‘न्हाय बाबा, त्यो पोस्टातला डाक्टर हाय.’’ एकदा मी तिला समजावून सांगितलं की काकी, पोस्टातला नव्हं, पोस्ट-डॉक. ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘डाक? मग तू बी डाकवर, त्यो बी डाकवर. येवढं शिकून फरक काय पडला?’’

आम्ही हसलो. नंतर मला ते हसू पचलं नाही. म्हातारी बरोबर बोलली होती.

*

आधी हा तिथे करतो काय ते समजून घेऊ. मी एका रविवारी त्याच्याबरोबर जाऊन यंत्र बघितलं. बाहेरून पांढरं पिंप. उघडलं की आत उलटी टांगलेली इमारत : मजल्याखाली मजला, आणि प्रत्येक मजला वरच्यापेक्षा थंड. मधून शेकडो बारीक तारा खाली गेलेल्या. सगळ्यात तळाला, नखाएवढ्या चकतीवर, क्युबिट.

साध्या कॉम्प्युटरमधला बिट म्हणजे दिव्याचं बटण. चालू नाहीतर बंद, १ नाहीतर ०. क्युबिटमध्ये ० आणि १ दोघांचंही मिश्रण असतं, आणि त्या मिश्रणातला प्रत्येक वाटा लाटेसारखा वागतो. दोन क्युबिट म्हटले की चार शक्यता, तीन म्हटले की आठ, दहा म्हटले की १०२४, पन्नास म्हटले की एकावर पंधरा शून्यांच्या पलीकडे. म्हणून पेपरवाले लिहितात की हे यंत्र सगळी उत्तरं एका दमात काढतं. दोस्त म्हणतो, साफ खोटं. मोजायला गेलं की हाती एकच उत्तर येतं, बाकीचं सगळं मिटतं. कसब पुढेच आहे. लाटा अशा लावायच्या की चुकीच्या उत्तरांच्या लाटांनी एकमेकींना मारावं आणि बरोबर उत्तराची लाट वर उठावी. बंदरावर काम करणाऱ्याला हे समजायला पीएच.डी. लागत नाही. दोन लाटा समोरासमोर येतात, एकीचा चढ दुसरीच्या उतारात पडतो आणि तेवढ्या जागी पाणी सपाट होतं. मी हे रोज बघतो. मला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की ह्याला फिजिक्स म्हणतात.

उपयोग काय? १९८१ मध्ये रिचर्ड फाइनमन म्हणाले होते की निसर्गच क्वांटमने चालतो, तर त्याची नक्कल करायला यंत्रही क्वांटमचंच पाहिजे. रेणू कसे जुळतात, औषध कसं चिकटतं, खत कसं तयार होतं, हे त्यातून आज ना उद्या मोजता येईल. १९९४ मध्ये पीटर शोरने दाखवलं की असं पुरेसं मोठं यंत्र उभं राहिलं तर प्रचंड आकड्यांचे अवयव झटक्यात पाडता येतील. आज इंटरनेटवरची कितीतरी कुलपं, बँकांची आणि सरकारांची, ते अवयव पाडणं अवघड आहे ह्याच भरवशावर लावलेली आहेत. म्हणजे हे खेळणं नाही. उद्याच्या कुलपाची किल्ली आहे. ती किल्ली कुणाच्या हातात राहणार, हा आपला प्रश्न आहे.

दोस्ताचा क्युबिट म्हणजे सिलिकॉनवर कोरलेली अल्युमिनियमची नक्षी. दोन थरांच्या मध्ये ऑक्साइडचा पापुद्रा, नॅनोमीटरच्या मापाचा. त्या पापुद्र्यातून वीज आरपार निसटते, जिथून निसटायला नको तिथून. हे जोसेफसन नावाच्या पोराने १९६२ मध्ये कागदावर मांडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपल्या वयाचा. हे सगळं चालतं ते थंडीत. शून्याखाली २७३.१५ अंश ही थंडीची शेवटची हद्द, आणि ही चकती त्या हद्दीपासून एका अंशाच्या शंभराव्या भागावर ठेवायची. त्यासाठी हेलियम लागतो, आणि भारत हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून आणतो. कुठल्यातरी धक्क्यावर आपल्यासारख्याच कुणीतरी तो उतरवून घेतलेला असतो.

एवढं करूनही ती अवस्था टिकते किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत बहुतेक वेळा मोडते. जराशी ऊब, चुकार रेडिओलहर, थोडी थरथर. मग पोस्टडॉकने शोधायचं की बिघाड कुठंय. गेल्या उन्हाळ्यात दोस्ताने अडीच महिने एक बिघाड शोधला. शेवटी निघाला काय, तर एका तारेचा सांधा ढिला. फ्रीज गरम करायला दिवस, सांधा आवळायला पाच मिनिटं, पुन्हा थंड करायला दिवस. ‘‘हमालीच आहे रे ही,’’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘‘हमालीला नावं ठेवू नकोस. हमाली वाईट नाही. हमालाची नोंद नसणं वाईट.’’

हे बोलून गेलो आणि मला अग्रलेखाचा मुद्दा सापडला.

*

पोस्टडॉक म्हणजे काय, हे आपल्या वस्तीत कुणाला ठाऊक नाही, म्हणून उघड लिहितो. पीएच.डी. झाली पण कायमची नोकरी नाही, अशा माणसाने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीवर काम करायचं. एक वर्ष, मग वाढ, मग पुन्हा वाढ, नाहीतर घरी. यंत्र त्याच्या हाताने चालतं, नवीन पोरांना तोच शिकवतो, रात्री फ्रीजचा काटा तोच बघतो. पण खोली दुसऱ्याची, निधी दुसऱ्याच्या नावावर, आणि त्याला पुढे ठेवायचा की नाही तेही दुसराच ठरवणार. विज्ञानाचं हे कंत्राटी खातं आहे.

आणि काम ह्याच खात्यातून निघतं. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस ह्या तिघांना मिळालं. हाताने धरता येईल एवढ्या विजेच्या सर्किटमध्ये क्वांटमचे नियम चालतात, हे त्यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीला दाखवलं. आजचे असले क्युबिट त्या प्रयोगाची लेकरं आहेत. तेव्हा क्लार्क प्रोफेसर होते, मार्टिनिस पीएच.डी. करणारं पोर, आणि देवोरे? पॅरिसहून आलेला पोस्टडॉक.

आपल्या देशातही आता पैसा आलाय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं : ६००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटची यंत्रं बनवायचं उद्दिष्ट. बंगळुरू, मद्रास, मुंबई, दिल्ली अशी चार केंद्रं ठरली. कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिने, पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने आणि टीसीएसने मिळून केलेल्या सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पुरी झाली. एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीने २५ क्युबिटचं यंत्र जाहीर केलं. चांगलं आहे. आम्ही ह्याच्या विरोधात नाही. विज्ञानाला शिव्या देणाऱ्या भोंदूंच्या पंगतीला आम्ही बसणार नाही.

आमचा प्रश्न एकच. ह्या ६००० कोटींच्या कामावर जी पोरं लागतील, त्यांची जात-वर्गाची नोंद कुठल्या वहीत आहे?

२०१९ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकभरतीत आरक्षणाचा कायदा झाला. आपण टाळ्या वाजवल्या. पण त्याचं चौथं कलम वाचा. परिशिष्टात नावं दिलेल्या संशोधनसंस्थांना तो लागू नाही. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, टाटा मूलभूत संशोधन संस्थाही आहे. आणि प्रकल्पावरचा पोस्टडॉक तर शिक्षकात धरलाच जात नाही, त्याचा हिशेब कुठेच नाही. २०२३ मध्ये ‘नेचर’ ह्या जगातल्या नामांकित विज्ञान-साप्ताहिकाने माहितीच्या अधिकारातून निघालेले आकडे छापले : देशातल्या अव्वल आयआयटी आणि बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत दलित-आदिवासी प्रोफेसर एक टक्क्याहून कमी. आकडे बाहेर यायला परदेशी साप्ताहिक लागलं, ही आपली शरम.

आता येणारं उत्तर आम्हांला पाठ आहे. ‘इलेक्ट्रॉनला जात नसते.’ कबूल. इलेक्ट्रॉनला भाडंही नसतं. इलेक्ट्रॉनची आई द्राक्षबागेत जात नाही. पोस्टडॉकला हे सगळं असतं.

*

दोस्त हुशारीत कमी पडला असता तर आम्ही गप्प बसलो असतो. तो कमी पडतोय थांबण्यात. एका शोधनिबंधाला दीड-दोन वर्षं लागतात, आणि मुदत एका वर्षाची. मुदतवाढीचं पत्र उशिरा येतं, मधले दोन महिने हातात काही नाही. त्याच्याबरोबरचा पुण्याचा पोरगा ते दोन महिने बापाच्या फ्लॅटमध्ये बसून निबंध पुरा करतो. पोरगा वाईट नाही, दोस्ताला डबाही देतो. पण त्याला थांबता येतं. आपल्याला थांबता येत नाही. दोस्ताला परदेशातूनही बोलावणं होतं. व्हिसा, तिकीट, घराची अनामत, सगळं पहिला पगार व्हायच्या आधी खिशातून. बोलावणं गेलं. आता बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र त्याच्या खिशात आहे. नाहीतर सांगलीत तासिका तत्त्वावर मास्तरकी. दहा वर्षं तापून तयार झालेला हात क्युबिटवरून उठणार, आणि लोक म्हणणार, ‘ह्यांची पोरं टिकत नाहीत.’

हे आजचं नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे एका पोराचं नाव पडलं : भिवा. २०१७ पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हार घालतात, भाषणं ठोकतात, पुढचं सांगत नाहीत. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला घर मिळेना, पारशी सराईतून हाकललं. मग सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. मधली तीन वर्षं कुणी खाल्ली? मुदतीने खाल्ली. बाबासाहेबांनी ती परत खेचून आणली. पण प्रत्येक पोराने बाबासाहेब असावं, नसला तर मरावं, असा नियम करणारे तुम्ही कोण?

मरावं म्हणतो ते उगाच नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. त्याला विज्ञानावर लिहायचं होतं. आणि २०२३ मध्ये आपल्याच राज्यातली बार्टीची संशोधक पोरं फेलोशिपसाठी आझाद मैदानात ऊन खात बसली होती. ज्या हातांनी प्रबंध लिहायचे ते हात तिथे घोषणांचे बोर्ड रंगवत होते.

*

आता गोदीतली गोष्ट सांगतो, कारण उत्तर गोदीत आहे.

माझा आजा कराडकडचा. दुष्काळात मुंबईला आला आणि धक्क्यावर उभा राहिला. तेव्हा सकाळी गेटवर गर्दी व्हायची, मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. बोट लागली तर भाकरी, नाही लागली तर पाणी. मग १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, आणि लढून लढून १९५१ मध्ये मुंबईची योजना आली. कामगाराची नोंद झाली. पाळी क्रमाने लागू लागली. महिन्याला ठरावीक दिवसांची मजुरी हमीची. आणि सगळ्यांत मोठं : कामाला हजर झालास आणि बोट नसली, तरी हजेरीभत्ता. बोट नसणं हा कामगाराचा गुन्हा नाही, हे कायद्याने मान्य केलं.

१९६९ मध्ये तेच माथाडींनी मिळवलं. त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील आपल्याच पाटण तालुक्यातले. सातारा-सांगलीची माणसं मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहत होती, मालक म्हणायचा हा माझा कामगारच नव्हे. माथाडी कायद्याने मंडळ आणलं, नोंद आणली, मजुरी मंडळातून, फंड मंडळातून. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी हे मिळवलं.

पुढे १९९७ च्या कायद्याने मोठ्या बंदरांतली ती गोदी मंडळं मोडायची वाट मोकळी केली. आजाला होता तो हजेरीभत्ता मला नाही. मी कंत्राटी. दोस्तही कंत्राटी. म्हातारी म्हणाली ते खरं ठरलं : दोघेही डॉकवरच.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. विज्ञानातल्या मुदतीच्या कामगारांची नोंदवही पाहिजे. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक क्वांटम प्रकल्पाने किती पोस्टडॉक घेतले, कुठून घेतले, कुणाची मुदत वाढवली, कुणाची नाही, हे दरवर्षी प्रवर्गवार छापून टाकावं. मुदत निदान तीन वर्षांची असावी. एका मुदतीतून दुसरीत जाताना मधल्या महिन्यांचा हजेरीभत्ता मिळावा. प्रयोगाचा फ्रीज थंड ठेवायला पैसा असतो, तर चालवणाऱ्याची चूल पेटती ठेवायलाही असला पाहिजे. परदेशी बोलावणं आलेल्या पोराला व्हिसा-तिकिटाची रक्कम आधी हातात मिळावी, पावत्या दाखवल्यावर नव्हे. आणि २०१९ च्या कायद्यातलं ते चौथं कलम उडवावं.

हे भीक म्हणून मागत नाही. १९५१ मध्ये अडाणी हमालाला जे देता आलं, ते आज डॉक्टरेट झालेल्याला का देता येत नाही, एवढंच विचारतोय.

*

शेवटी आपल्यालाही दोन शब्द. आपल्या सभांत विज्ञाननिष्ठा हा शब्द दर दहा मिनिटांनी येतो. पण बारावीला फिजिक्स घेतलेली किती पोरं आपल्या शाखेत येतात? आली तर आपण त्यांना काय देतो? माईक. त्यांना गणिताची शिकवणी पाहिजे असते, आपण घोषणा देतो. आपल्या कवितेत आग, वणवा, ज्वाळा ढीगभर. मीही त्यातलाच. पण आग म्हणजे काय हे फिजिक्सने विचारलं तर आपण गप्प. पहिल्याला शाल घालायची आणि दुसरा कुठून येणार ते बघायचं नाही, ही प्रस्थापितांची खोड आपल्यालाही लागलीय.

म्हणून ह्या सात नोव्हेंबरला सत्कार नाही. जमलेल्या वर्गणीतून सातारा आणि सांगली, दोन्हीकडे रविवारचा फिजिक्स-गणिताचा वर्ग सुरू करतोय. पहिला तास दोस्त घेणार आहे. विषय : दोन लाटा एकमेकींना कशा मारतात. मीही येणार आहे, वही घेऊन, मागच्या बाकावर.

काल रात्री त्याचा फोन आला. फ्रीज थंड झालाय, सांधा धरलाय, क्युबिट पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ टिकतोय. आवाजात आनंद मावत नव्हता. कंपनीच्या पत्राचं काय केलंस म्हणून विचारलं. म्हणाला, ‘‘खिशात आहे. मार्चपर्यंत राहू दे खिशात.’’

मार्चला अजून वेळ आहे, दोस्तहो. निवेदनाचा कागद ह्या अंकासोबत जोडलाय. सह्या गोळा करा. नुसता अंगठा असला तरी चालेल. अंगठेवाल्यांनीच पहिली नोंद मिळवली होती.

जयभीम.